पाण्यामागे चालणारा कॅमेरा : बीड शहराच्या पायी छायाचित्रणाचे विवेचन

१. प्रतिपाद्य

प्रवासी छायाचित्रकार नव्या शहरात उतरतो तेव्हा त्याच्या हातात स्थळांची यादी असते. देऊळ, मशीद, वेस, बाजार, टेकडी. यादीतले एकेक स्थळ गाठायचे, फोटो काढायचा आणि पुढे निघायचे, अशी रीत पडून गेली आहे. या रीतीने सुटे फोटो चांगले मिळतात, पण शहर हाती लागत नाही. शहर हे वास्तूंच्या बेरजेपेक्षा वेगळे असते. वास्तू ज्या कारणांनी त्या त्या जागी उभ्या राहिल्या, त्या कारणांचा परस्परसंबंध म्हणजे शहर.

या लेखाचे प्रतिपाद्य असे : मराठवाड्यातले, विशेषतः बालाघाटाच्या कुशीतले शहर पायी फिरून टिपायचे असेल, तर वाट स्थळांच्या यादीवरून आखू नये, पाण्यावरून आखावी. अवर्षणाच्या मुलखात वस्ती कुठे बसेल, देऊळ कुठे होईल आणि बाग कुठे फुलेल हे पाण्यानेच ठरवले आहे. जो पाण्यामागे चालतो त्याला स्थळे आपोआप भेटतात, आणि ती ज्या नात्याने एकमेकांशी बांधलेली आहेत ते नातेही दिसते. हे प्रतिपाद्य बीड शहरावर मांडून अंबाजोगाईवर पडताळायचे आहे.

२. पायी चालणे हे साधन

पायी फिरण्याची महती भावनेने सांगायची गरज नाही, ती मोजता येते. वाहन ताशी ३० किलोमीटर वेगाने गेले तर सेकंदाला ८ मीटरहून अधिक अंतर कापते. ४ मीटर रुंदीचे घर त्याच्या समोरून अर्ध्या सेकंदात निघून जाते. सावकाश चालणाऱ्या माणसाला तेच घर तीन सेकंदांहून जास्त वेळ दिसते. तेवढ्या अवधीत डोळा चौकटीवरची गणेशपट्टी, भिंतीतला दिव्याचा कोनाडा, उंबऱ्यावर बसलेली म्हातारी आणि नळाखाली लावलेली घागर पाहू शकतो. छायाचित्राचा विषय ठरवायला जो वेळ लागतो, तो चालण्याच्याच वेगात मिळतो.

दुसरी गोष्ट चढउताराची. गाडीत बसलेल्याला बीड सपाट वाटते. चालणाऱ्याच्या पोटऱ्यांना ते कळते की शहर दक्षिणेच्या डोंगराकडून उत्तरेकडे आणि दोन्ही बाजूंनी नदीकडे उतरते आहे. हा उतार म्हणजे पाण्याची वाट. ती पायाला कळली की डोळ्याला शोधणे सोपे जाते.

पुढच्या विवेचनासाठी तीन संज्ञा ठरवून घेऊ. सलग चालण्याचा मार्ग म्हणजे ‘वाट’. प्रकाश आणि विषय जुळून येईपर्यंत वाट पाहायची जागा म्हणजे ‘थांबा’. तिथे घेतलेले चित्र म्हणजे ‘चौकट’. वाट पाण्यावरून ठरते, थांबा प्रकाशावरून ठरतो आणि चौकट अंतरावरून ठरते. चौथा घटक माणसांचा. तो या तिघांनाही मोडता घालू शकतो, आणि तसा अधिकार त्याला असलाच पाहिजे.

३. वाट : भूमी आणि पाणी

बीड समुद्रसपाटीपासून सुमारे ५१५ मीटर उंचीवर, बालाघाट डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याला आहे. बिंदुसरा नदी याच डोंगरात उगम पावते, शहराच्या मधून उत्तरेकडे वाहते, पुढे सिंदफणेला मिळते आणि सिंदफणा गोदावरीला. नदीने शहराचे दोन भाग केले आहेत. पश्चिमेचा मोठा, पूर्वेचा लहान. शहराची तीन मुख्य जलस्थाने नीट पाहिली तर पाणी वापरण्याच्या तीन वेगळ्या रीती दिसतात.

पहिली रीत साठवण्याची. कंकालेश्वराचे देऊळ चौरस कुंडाच्या मधोमध उभे आहे. चालुक्य-यादव काळाच्या शैलीतली ही दगडी वास्तू, तिच्या बाहेरच्या भिंतींवर शिल्पे, आणि चहूबाजूंनी पाणी. इथे पाणी देवळाची शोभा म्हणून आलेले नाही. पाणी साठवणे आणि ते पवित्र मानून राखणे ही एकाच योजनेची दोन अंगे आहेत. महाशिवरात्रीला इथे यात्रा भरते, तेव्हा कुंडाचा काठ शहरातली सर्वांत दाट गर्दीची जागा होतो.

दुसरी रीत वाहून नेण्याची. शहराच्या दक्षिणेला सुमारे ६ किलोमीटरवर खजाना विहीर आहे. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या काळात, १५७२च्या सुमारास, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधवली. तिची आखणी करणाऱ्याचे नाव राजा भास्कर असे सांगितले जाते. रुंद तोंडाची ही गोल विहीर पाणी उपसण्यासाठी बांधलेली नाही. भूमिगत मार्गांनी पाणी तिच्यात येते आणि दुसऱ्या भूमिगत मार्गाने उताराकडे, बलगुजारच्या शेतीकडे जाते. मोट नाही, रहाट नाही, फक्त जमिनीचा उतार. निजामशाही आणि त्यानंतरच्या काळात दख्खनेत असे तंत्र ठिकठिकाणी वापरले गेले. नगरचे खापरी नळ, मलिक अंबरने खडकीला आणलेली नहर आणि बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा ही त्याच कुळातली कामे. विहिरीत पाणी सदा बेताचेच दिसते याचे कारणही या रचनेत आहे. आलेले पाणी साचून राहत नाही, पुढे जाते.

तिसरी रीत नदीची स्वतःची, माणसाच्या हातात न येणारी. २३ जुलै १९८९ रोजी बिंदुसरेला आलेल्या महापुराने बीडमध्ये मोठी प्राणहानी आणि वित्तहानी झाली. उन्हाळ्यात जिच्या पात्रात चालता येते, तीच नदी काही तासांत वस्तीवर चालून येते. हे लक्षात ठेवल्याशिवाय बिंदुसरेच्या काठाचा एकही फोटो नीट वाचता येणार नाही.

साठवण, वहन आणि पूर या तीन अवस्था म्हणजे बीडच्या वाटेची तीन टोके. त्यांच्या मध्ये बाकीचे शहर उलगडते. जहांगीराच्या काळात, १६२७च्या सुमारास बांधलेली जामा मशीद, कोतवाली वेस, माळीवेस, राजुरी वेस, बलभीम चौक, कारंजा, मोंढा आणि पेठ बीडच्या गल्ल्या ही सगळी नावे पाण्याच्या वाटेवर एकामागून एक येतात. पूर्वेच्या टेकडीवरचे खंडोबाचे देऊळ आणि त्याच्या दोन उंच दीपमाळा हा या वाटेचा माथा. तिथून खालचा नदीचा पट्टा एका नजरेत येतो. खालून पाहिलेल्या सगळ्या गोष्टी तिथे एका चित्रात बसतात.

४. थांबा : दिशा आणि प्रकाश

बीडचे अक्षांश जवळजवळ १९ अंश उत्तर आणि रेखांश पावणेशहात्तर अंश पूर्व. एवढ्या दोन आकड्यांवरून वर्षभराच्या प्रकाशाचे वेळापत्रक मांडता येते.

भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची आहे. बीड तिच्या पश्चिमेला पावणेसात अंश असल्याने तिथला खरा मध्यान्ह सरासरीने घड्याळाच्या १२ वाजून २७ मिनिटांच्या आसपास येतो, ऋतूनुसार थोडा मागेपुढे. म्हणून ‘सकाळी ९ पर्यंत ऊन कोवळे’ हा पुण्यामुंबईच्या सवयीचा हिशोब इथे काही मिनिटांच्याच फरकाने लागू पडतो, पण नागपूरचा छायाचित्रकार बीडला आला तर त्याला सगळे सुमारे १३ मिनिटे पुढे सरकलेले आढळेल.

सूर्याची उंची याहून महत्त्वाची. विषुवदिनी बीडला मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ७१ अंशांवर असतो, डिसेंबरच्या अखेरीस साधारण साडेसत्तेचाळीस अंशांवर. मे महिन्याच्या मध्यात आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तो बरोबर डोक्यावर येतो, आणि या दोन तारखांच्या दरम्यान तर मध्यान्हीला किंचित उत्तरेला असतो. उगवतीची दिशाही सरकते. जूनमध्ये सूर्य नेमक्या पूर्वेच्या २५ अंश उत्तरेला उगवतो, डिसेंबरमध्ये २५ अंश दक्षिणेला. जी भिंत जूनच्या सकाळी उजळते, ती डिसेंबरच्या सकाळी सावलीत असू शकते.

हे गल्लीला लावून पाहू. गल्ली ४ मीटर रुंद आणि दोन्ही बाजूंची घरे ६ मीटर उंच असे धरू. जुन्या बीडमध्ये याहून अरुंद गल्ल्याही आहेत. गल्ली उत्तर-दक्षिण असेल, तर विषुवदिनाच्या सुमारास तिच्या जमिनीवर ऊन फक्त मध्यान्हीच्या दोन तास आधीपासून दोन तास नंतरपर्यंत पोचते, म्हणजे ढोबळमानाने साडेदहा ते अडीच. त्याआधी पश्चिमेच्या भिंती वरून खाली उजळत येतात, त्यानंतर पूर्वेच्या भिंती खालून वर विझत जातात. गल्ली पूर्व-पश्चिम असेल, तर त्याच दिवशी दक्षिणेच्या घरांची सावली सुमारे २ मीटर पडते आणि दिवसभर जवळजवळ तेवढीच राहते. अर्धी गल्ली उन्हात, अर्धी सावलीत. डिसेंबरमध्ये मात्र याच पूर्व-पश्चिम गल्लीची जमीन दिवसभर उन्हाला पारखी होते. मध्यान्हीलाही ऊन समोरच्या भिंतीवर सुमारे १.६ मीटरच्या वरच लागते. उभ्या माणसाचे डोके उजळते, छाती सावलीत राहते. हे गणित ठाऊक नसलेला छायाचित्रकार हिवाळ्यात अशा गल्लीत उन्हाची वाट पाहत दिवस घालवील. ठाऊक असलेला तिथे परतलेल्या मऊ उजेडात माणसांचे चेहरे टिपील, आणि उन्हाचे फोटो उत्तर-दक्षिण गल्लीसाठी राखून ठेवील.

इथे चीनमधल्या शीआन शहराशी तुलना उपयोगी पडते. मिंग काळातला तिथला तट सुमारे पावणेचौदा किलोमीटर लांबीचा असून त्यावरून पायी फेरी मारता येते. आतले मुख्य रस्ते चार दिशांना सरळ आखलेले, आणि मधोमध १३८४ साली प्रथम उभारलेला घंटामनोरा. तिथे दिशा एकदा कळली की शहराचा प्रकाश कळतो. विषुवदिनी पूर्व-पश्चिम रस्त्याच्या टोकाशीच सूर्य उगवतो आणि मावळतो. बीडला असा आराखडा नाही. इथली गल्ली काठाने, उताराने आणि वेशीच्या रोखाने वळते, म्हणून पन्नास पावलांत तिची दिशा बदलते आणि प्रकाशही बदलतो. शीआनसाठी जो हिशोब एकदा करून भागते, तो बीडमध्ये प्रत्येक वळणावर करावा लागतो. खिशातल्या मोबाइलमधले होकायंत्र हे इथल्या छायाचित्रकाराचे कॅमेऱ्याखालोखाल महत्त्वाचे साधन आहे.

मोठ्या स्थळांचे थांबेही याच न्यायाने ठरतात. खंडोबाची टेकडी शहराच्या पूर्वेला आहे. तिच्यावरून शहर टिपायचे तर सकाळी, कारण तेव्हा सूर्य पाठीशी असतो आणि समोरची पश्चिमेकडची वस्ती पूर्ण उजेडात येते. त्याच दीपमाळा शहराच्या बाजूने टिपायच्या तर संध्याकाळी. नदी उत्तरेकडे वाहत असल्याने पश्चिम काठावरची नदीकडे तोंड केलेली घरे सकाळी उजळतात आणि पूर्व काठावरची दुपारनंतर. पुलावर उभे राहून हिवाळ्यात प्रवाहाच्या वरच्या अंगाला, म्हणजे दक्षिणेला, कॅमेरा वळवला की प्रकाश समोरून येतो. पाणी चकाकते आणि माणसे काळ्या आकृती होतात. उत्तरेला वळवला तर रंग आणि तपशील मिळतात. दोन्ही चौकटी खऱ्या आहेत, पण कोणती कशासाठी घ्यायची हे आधी ठरलेले असावे.

खजाना विहिरीचा नियम उलटा. छायाचित्रकार दुपारचे ऊन टाळतात आणि बहुतेक ठिकाणी ते योग्यच आहे. पण विहिरीच्या तळाला ऊन पोचायला सूर्य उंच लागतो. मेच्या मध्यात, जेव्हा वस्तूंना मध्यान्हीला सावलीच उरत नाही, तेव्हा पाणी आणि भोवतालची गोलाई एकसारख्या उजेडात दिसते. डिसेंबरच्या दुपारी दक्षिणेची बाजू सावलीत आणि उत्तरेची उन्हात राहते, त्यामुळे खोली अधिक जाणवते.

५. चौकट : अंतर, दगड आणि पाणी

अरुंद गल्लीत मागे सरकायला जागा नसते, म्हणून लेन्सची निवड गल्लीची रुंदी करते. हिशोब सोपा आहे. चौकटीत मावणारी उंची म्हणजे विषयापर्यंतचे अंतर गुणिले सेन्सरची त्या दिशेची लांबी भागिले फोकल लेंग्थ. फुल फ्रेम कॅमेरा उभा धरला तर ही लांबी ३६ मिलिमीटर. ४ मीटर रुंदीच्या गल्लीत भिंतीला पाठ लावून उभे राहिले, तर ५० मिलिमीटरच्या लेन्समध्ये समोरच्या घराचा २.९ मीटरचा भाग मावतो, ३५ मध्ये ४.१ मीटर, २४ मध्ये ६ मीटर. बहुतेक मोबाइलचा मुख्य कॅमेरा या शेवटच्या मापाच्या जवळपास असतो, म्हणून जुन्या गल्लीत मोबाइलवाल्याचे हात बांधलेले नसतात. मात्र कॅमेरा वर वाकवला की भिंती आत झुकतात. ते टाळायचे तर कॅमेरा सरळ धरून मागे जावे लागते. एकवीस मीटरच्या आसपास उंचीची दीपमाळ २४ मिलिमीटरमध्ये न वाकवता घ्यायला सुमारे २६ मीटर मागे सरावे लागेल.

बीडचा दगड काळा बसाल्ट. कॅमेऱ्याचे मीटर समोरचे दृश्य मध्यम राखाडी आहे असे गृहीत धरते, त्यामुळे काळ्या देवळाने चौकट भरली की ते दगडाला उगाच उजळवते. कंकालेश्वराची शिल्पे फिकट, धुरकट येण्याचे हे मुख्य कारण आहे. एक्सपोजर अर्ध्या ते एका स्टॉपने कमी केले की दगड आपल्या रंगावर येतो. उलट चुन्याने किंवा फिकट ऑइलपेंटने रंगवलेल्या भिंतीपुढे ते तेवढेच वाढवावे लागते. शिल्पाचा उठाव समोरून येणाऱ्या उजेडात मरतो आणि भिंतीला घासून जाणाऱ्या तिरप्या उजेडात जिवंत होतो. म्हणून कोणती भिंत कधी तिरपा उजेड घेते याची नोंद पहिल्या फेरीतच करावी आणि फोटो दुसऱ्या फेरीत काढावेत.

कुंडातल्या प्रतिबिंबाचेही शास्त्र आहे. पाण्याकडे सरळ खाली पाहिले तर ते फक्त २ टक्क्यांच्या आसपास प्रकाश परतवते. आपल्याला तळ किंवा शेवाळ दिसते. नजर पाण्याच्या पृष्ठभागाशी १० अंशांचा कोन करील इतकी खाली आणली की परतणारा प्रकाश एकतृतीयांशाहून अधिक होतो. त्यामुळे देवळाचे गडद प्रतिबिंब हवे असेल तर काठावर उभे न राहता, जिथे परवानगी आणि सुरक्षितता आहे तिथे, पाण्याच्या जवळ उतरून कॅमेरा खाली धरावा. पोलरायझर लावून पाण्याखालचे काही दाखवायचे असेल तर तो पृष्ठभागाशी ३७ अंशांच्या आसपासच्या कोनातच पूर्ण काम करतो. दूरच्या प्रतिबिंबावर त्याचा फारसा परिणाम होत नाही.

पण मुख्य प्रश्न तंत्राच्या पुढचा आहे. कुंडात पाणी किती आहे? ते हिरवे आहे की निवळ? काठावर निर्माल्य आणि प्लास्टिक आहे का? या गोष्टी चौकटीबाहेर ठेवल्या तर फोटो देखणा होतो आणि खोटा होतो. ज्या शहराचे वर्ष पावसाच्या मोजणीवर चालते, तिथे कुंडाची पाण्याची रेषा ही देवळाइतकीच महत्त्वाची नोंद आहे.

६. माणसे

शहर पायी फिरणारा माणसांच्या अंगणातून फिरतो. जुन्या वस्तीत ओटा हा घराचाच भाग असतो, रस्त्याला लागून असला म्हणून तो रस्ता होत नाही. परक्याने कॅमेरा काढला की प्रश्न येतो, ‘कशाला काढायलाव फोटो?’ हा हटकण्याचा प्रश्न असतोच असे नाही. बहुतेक वेळा तो ओळख करून घेण्याचा असतो. त्याला पूर्ण उत्तर द्यावे : कुठून आलो, काय बघतो आहे, फोटोचे काय करणार. ‘काका’, ‘मावशी’, ‘चाचा’, ‘दादा’ अशा हाकेने बोलणे सुरू करावे, पाणी पुढे केले तर घ्यावे, आणि नकार आला तर कॅमेरा खाली ठेवावा.

काही मर्यादा बोलण्यावर सोडू नयेत. नमाजाच्या वेळी मशिदीच्या आवारात, दर्ग्यात किंवा गाभाऱ्यात विचारल्याशिवाय कॅमेरा उचलू नये. धुण्याच्या किंवा अंघोळीच्या जागी, मग ती नदीकाठची सार्वजनिक जागा का असेना, स्त्रियांचे फोटो काढू नयेत. लहान मुलांचे फोटो घरच्या मोठ्या माणसाला विचारून घ्यावेत. संरक्षित वास्तूत ट्रायपॉड लावायला परवानगी लागू शकते, आणि ड्रोनसाठी २०२१चे ड्रोन नियम पाळावे लागतात.

बीड जिल्ह्यात एक विषय वेगळ्या काळजीचा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. नवराबायकोची जोडी ‘कोयता’ म्हणून मोजली जाते, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर संसार लादलेला असतो. हे दृश्य छायाचित्रकाराला खेचून घेते. त्यात दारिद्र्याचा तमाशा होण्याचा धोका मोठा आहे. ज्यांच्या घराला कुलूप लागते आहे, त्यांच्याशी न बोलता त्यांचे निघणे टिपणे अन्यायाचे आहे. बोलून, नाव विचारून, कुठल्या कारखान्याला चालले आहेत हे समजून घेतलेला एक फोटो, लांबून टेलिलेन्सने ओढलेल्या शंभर फोटोंपेक्षा अधिक सांगतो. आणि हे स्थलांतर पाण्याच्याच वाटेवरचे आहे. कोरडवाहू शेतीने वर्ष भागत नाही म्हणूनच माणसे बागायती मुलखातल्या उसाकडे जातात.

७. ऋतू

एकाच वाटेवर वर्षातून तीनदा चालल्याशिवाय तिची नोंद पूर्ण होत नाही. मे महिन्यात हवेत धूळ असते, दूरचे डोंगर पांढुरके दिसतात, सावल्या छोट्या होतात आणि पाणी सर्वांत खाली असते. ही टंचाईची नोंद. ऑगस्ट-सप्टेंबरात ढगाळ, मऊ उजेड असतो. दगड ओला होऊन अधिक काळा दिसतो आणि नदीला पाणी आले तर काठावर माणसे जमतात. ही भरतीची नोंद. डिसेंबर-जानेवारीत हवा स्वच्छ, सूर्य दिवसभर तिरपा आणि सावल्या लांब. शिल्पांसाठी आणि टेकडीवरच्या चौकटींसाठी हा सर्वांत चांगला काळ. तीन ऋतूंतली एकाच थांब्यावरची, एकाच लेन्सने घेतलेली तीन चित्रे शेजारी ठेवली की शहराचे पाण्याशी असलेले नाते शब्दांवाचून सिद्ध होते.

८. मांडणी

वरच्या तत्त्वांवरून एका दिवसाची वाट अशी निघते. पहाटे खंडोबाची टेकडी, सूर्य पाठीशी. तिथून उतरून पेठ बीड आणि कंकालेश्वर, पाणी शांत आणि ऊन तिरपे असतानाच. मग पुलावरून पश्चिम काठाला, नदीकडे तोंड केलेल्या घरांकडे. दहाच्या पुढे उत्तर-दक्षिण गल्ल्या, वेशी, बलभीम चौक आणि मोंढ्याचा व्यवहार. भर दुपारी दक्षिणेला खजाना विहीर. हे अंतर चालत गेल्यास उताराविरुद्ध चालावे लागते, आणि पाणी कोणत्या बाजूने शहराकडे येते हे तेव्हा अंगाला कळते. दुपार ढळल्यावर परत, आणि संध्याकाळी शहराच्या बाजूने दीपमाळा. माथ्यावरून निघून पाण्याच्या काठाने आणि पाण्याच्या उगमाच्या दिशेने गेलेली ही वाट त्याच माथ्याकडे पाहत संपते.

शहर पायी फिरून क्रमाने टिपण्याचे हेच काम पॅरिसचा छायाचित्रकार युजीन आजे याने १८९०च्या दशकापासून १९२७पर्यंत केले. १८ बाय २४ सेंटिमीटरच्या काचा घालायचा जड लाकडी कॅमेरा घेऊन तो जुने पॅरिस पायी फिरला, आणि दारे, अंगणे, फेरीवाले अशा मालिका लावून त्याने हजारो चित्रे घेतली. त्यांचे मोल एकेका चित्रात जेवढे आहे त्याहून अधिक मालिकेत आहे. पाडल्या गेलेल्या गल्ल्या आज त्याच्या चित्रांवरून अभ्यासता येतात.

९. अंबाजोगाईची कसोटी

बीडवर बांधलेला सिद्धान्त दुसरीकडे टिकतो का? अंबाजोगाई हे बालाघाटाच्या माथ्यावरचे गाव. तिथे मोठी नदी नाही, लहान जयंती नदी आहे. यादीवाला योगेश्वरीचे देऊळ, मुकुंदराजांची समाधी आणि दासोपंतांची समाधी पाहून परततो. जयंतीच्या पात्राजवळून चालणाऱ्याला आधी हत्तीखाना भेटतो. खडकात कोरलेले लेणे, अंगणात दगडी हत्ती आणि आत ३२ खांबांचा मंडप. नदीने कापलेल्या खडकाच्या उघड्या कड्यात लेणे कोरणे सोयीचे होते, हे कारण वाटेवरच उलगडते. लेण्यात प्रकाश फक्त तोंडाकडून येतो, म्हणून तोंड ज्या दिशेला असेल त्या दिशेला सूर्य असतानाच आतल्या खांबांची ओळ वाचता येते.

पुढे यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याच्या काळातली देवळे येतात. सकलेश्वर, म्हणजे बाराखांबी, इथला शिलालेख शके ११५०चा, इसवी सन १२२८चा. या गावाने मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ आपला मानला, आणि १५५१ ते १६१५ या काळातल्या दासोपंतांनी कापडाच्या लांबलचक पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहिले तेही इथलेच. लेणे, शिलालेख आणि पासोडी असे लेखनाचे आणि कोरीवकामाचे तीन आधार एकाच लहान नदीच्या परिसरात सापडतात. बीडमध्ये पाण्याने बाजार आणि वेशी मांडल्या, अंबाजोगाईत खडक, देवळे आणि समाध्या. फळ वेगळे आहे, सूत्र तेच आहे. सिद्धान्त टिकतो, पण एका दुरुस्तीसह : पाण्याबरोबर खडकही वाचावा लागतो.

१०. आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप : बीड हे पर्यटनाचे शहर नाही, तिथे इतक्या खोलात कशाला जायचे? उत्तर असे की ज्या शहरांचे लाखो फोटो आधीच आहेत, तिथे नव्या चौकटीने भर कमी पडते. १७ सप्टेंबर २०२५ रोजी रेल्वे बीडपर्यंत पोचली आहे. येणाऱ्यांची संख्या वाढेल तशी शहराची ठराविक चित्रे तयार होतील. ती तयार होण्यापूर्वी नीट पाहिलेली चित्रे असणे शहराच्या हिताचे आहे.

दुसरा आक्षेप : इतके गणित केले तर छायाचित्रातली उत्स्फूर्तता जाते. वस्तुतः गणिताने थांबा ठरतो, क्षण ठरत नाही. उजेड कुठे आणि कधी पडणार हे ठाऊक असलेला माणूस निवांत उभा राहतो, आणि निवांत उभ्या असलेल्यालाच अनपेक्षित क्षण दिसतो.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : नदी आणि कुंडे मलिन झाली आहेत, ती दाखवून शहराची बदनामी का करायची? मलिन पाणी लपवणारा फोटो शहराशी बेइमानी करतो. दाखवताना मात्र कारणासह दाखवावे. नाला कुठून मिळतो, कचरा कुठे पडतो, भराव कुठे झाला, हे पायी चालणाऱ्याला क्रमाने दिसते आणि तो क्रमाने मांडू शकतो. त्यामुळे दोष एखाद्या वस्तीच्या माथी न जाता व्यवस्थेकडे बोट जाते.

११. निष्कर्ष

पायी चालल्याने शहराचा उतार कळतो, उतारावरून पाण्याची वाट सापडते, पाण्याच्या वाटेवर स्थळांची कारणे दिसतात, आणि सूर्याच्या हिशोबाने प्रत्येक कारणाला आपला थांबा मिळतो. या क्रमाने घेतलेली चित्रे शहराचे विधान होतात.

ते विधान पुरावा म्हणून टिकायचे असेल तर प्रत्येक चित्रासोबत चार गोष्टी लिहाव्यात : जागा, दिशा, तारीख आणि वेळ. पाचवी, जमेल तिथे, पाण्याची पातळी. १९८९च्या पुराआधी बिंदुसरेचे काठ असे नोंदवून ठेवलेले असतील, तर त्यांच्याशी आजचा काठ ताडून पाहता येतो. नोंद नसलेले देखणे चित्र त्या कामी येत नाही. चित्रांचा एक संच शहरातल्या वाचनालयाला किंवा शाळेला द्यावा, कारण शहराचे चित्र आधी शहराचे आहे. यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. हातातला मोबाइल, एक वही, होकायंत्र आणि वर्षातून तीनदा तीच वाट चालण्याची चिकाटी एवढे पुरते, आणि बीडमधल्या कुठल्याही महाविद्यालयीन मुलामुलीने उद्या सकाळी खंडोबाच्या टेकडीवरून हे काम सुरू करावे.